फोक्सप्लेन व्हीपी-१ चे नकाशे, नागपुरात बसून वापरलेले

पहिले एक सांगून टाकतो, हा रिव्ह्यू उडणाऱ्या विमानाचा नाही, विमानाच्या नकाशांचा आहे. फोक्सप्लेन म्हणजे घरी बनवायचं एका सीटचं लाकडी विमान, ते मी उडवलेलं नाही, डोळ्यासमोर उडताना पाहिलेलंही नाही. मी हिंगणा एमआयडीसीत फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे धातू ओतायच्या साच्यासाठीचे नमुने, बनवतो, बावीस वर्षं झाली, म्हणजे ड्रॉइंग वाचायचं आणि लाकूड त्या ड्रॉइंगबरहुकूम करायचं यावरच घर चालतं, आणि त्याच नजरेनं हा नकाशांचा संच चौदा महिने वापरला. एक रडर (शेपटीचं उभं पान, विमान डावी-उजवीकडे वळवणारं), तीन रिब (पंखाला आकार देणाऱ्या आतल्या फासळ्या) आणि पुठ्ठ्याचं एक कॉकपिट एवढं त्यातून झालंय. तेवढ्यात जे कळलं ते लिहून राहिलो, कारण मराठीत यावर कोणी बोलताना दिसत नाही आणि घरी विमान बनवायचं वेड असलेली पोरं मला दर दोन महिन्यांनी एखादं तरी भेटते.

संच मिळाला तो वायुसेनेतून रिटायर झालेल्या एका काकांकडून. मेंटेनन्स कमांडमध्ये होते, वायुसेना नगरात राहायचे, त्यांनी तरुणपणी अमेरिकेतून मागवला होता आणि बदल्यांच्या नोकरीत कधी हात लागला नाही. घर बदलताना म्हणाले, "तुझ्याकडे रंधा आहे, तू घेऊन जा." तीन हजार रुपये दिले. कागद पिवळे पडलेत, घड्यांवर चिकटपट्टी आहे, पण एकही आकडा पुसलेला नाही.

डिझाइन कोणाचं ते थोडक्यात. डब्ल्यू. एस. इव्हान्स नावाचे एरोनॉटिकल इंजिनिअर, कॅलिफोर्नियाचे, सगळे त्यांना बड म्हणायचे. त्यांनी ठरवलं की ज्यानं आयुष्यात कधी विमान बनवलं नाही त्याला जमेल असं एका सीटचं विमान काढायचं, मग वेग कमी झाला तरी चालेल, दिसायला खोक्यासारखं झालं तरी चालेल. १९६८ साली ते पहिल्यांदा उडालं. इंजिन फोक्सवॅगन बीटल गाडीचं, म्हणून नाव फोक्सप्लेन. पंख टोकापासून टोकापर्यंत २४ फूट, लांबी १८ फूट, रिकामं वजन ४४० पौंड म्हणजे २०० किलो. आरामात चालण्याचा वेग ताशी १२० किलोमीटर, म्हणजे नागपूरहून वर्धा पाऊण तासाच्या आत, वारं समोरून नसेल तर.

आता नकाशे. माझ्याकडे रोज कंपन्यांची ड्रॉइंगं येतात आणि त्यातल्या अर्ध्यांवर मला फोन करून विचारावं लागते की साहेब ही त्रिज्या कुठून मोजू, बनवणाऱ्याचा विचार करून काढलेलं ड्रॉइंग फार कमी पाहायला मिळते. हे तसं आहे. बॉडी म्हणजे सरळ सपाट प्लायची पेटी, कुठं प्लाय वाकवायचा नाही, त्यामुळे मोठा जिग, म्हणजे तुकडे जागेवर धरून ठेवणारा सांगाडा, लागत नाही, सपाट टेबल आणि दोरी-ओळंबा असला की बाजू सरळ येतात. पंखाची रुंदी मुळापासून टोकापर्यंत एकसारखी, म्हणून सगळ्या रिब एकाच मापाच्या, एक टेम्प्लेट बनवा आणि तेच चालवा. शेपटीत तर त्यांनी कमालच केली आहे. साधारण विमानात शेपटीचं उभं पान स्थिर असते आणि त्याच्यामागे रडर बिजागरीवर हलते, इथे स्थिर भागच काढून टाकला, अख्खं उभं पान फिरते. आडव्या शेपटीचंही तसंच, पूर्ण पान हलते. दोनाच्या जागी एकच वस्तू बनवायची, बिजागऱ्या कमी, रेषेत आणायची डोकेदुखी कमी. पंखाला खालून स्ट्रट, म्हणजे तिरपे टेकू, आहेत त्यामुळे आतला लाकडी स्पार, म्हणजे पंखाचा लांबीभर जाणारा कणा, अवाढव्य करावा लागत नाही, आणि पंख काढता येतात म्हणून विमान घरी ठेवता येते, हँगर भाड्यानं घ्यायचं काम नाही. मानेवाड्याकडच्या माझ्या टिनाच्या शेडमध्ये पंख भिंतीला आणि बॉडी मधोमध, मोजून पाहिलं, बसते.

एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी केली, माझी श्रिंकेज पट्टी कपाटात कुलूप लावून ठेवली. आम्ही पॅटर्नवाले ओतलेला धातू थंड होताना आक्रसते म्हणून वाढीव मापाची पट्टी वापरतो, बिडासाठी शंभरात एक, ॲल्युमिनियमसाठी थोडी जास्त, आणि हात इतका सवयीचा असते की पट्टी न पाहताच उचलली जाते. चार फुटांच्या रिबमध्ये तेवढ्यानं जवळजवळ अर्धा इंच फरक पडला असता. लाइनमधल्या कोणाला हे करायचं असेल तर ही सूचना मनावर घ्या.

दुसरी विमानंही मी पाहिली होती, कागदावर. एका माणसाचं घरगुती विमान ही जुनी गोष्ट आहे, ब्राझीलच्या सांतोस-द्युमाँनं पॅरिसमध्ये बांबूचं देमोआझेल बनवलं आणि पेटंट न घेता नकाशे लोकांसाठी मोकळे केले, अमेरिकेतल्या मासिकात ते १९१० मध्ये छापून आले. इंग्लंडच्या जॉन टेलरनं राहत्या घरात विमान बनवून १९५९ मध्ये उडवलं. बोइंगमध्ये इंजिनिअर असलेल्या पीट बॉवर्सचं फ्लाय बेबी लाकडाचं आणि तारांनी ताणलेलं, १९६२ मध्ये ईएए म्हणजे अमेरिकेतल्या हौशी विमान बनवणाऱ्यांच्या संस्थेच्या डिझाइन स्पर्धेत पहिलं आलं, दिसायलाही फोक्सप्लेनपेक्षा देखणं, पण काम जास्त. फ्रान्सचं क्री-क्री १९७३ चं, पंख जेमतेम ४.९ मीटर आणि त्यावर दोन इंजिनं, ते घड्याळजीचं काम आहे, पहिल्या खेपेला त्याच्या वाटेला जाऊ नये.

पण सगळ्यात जास्त वेळ मी वाचलं ते फ्रान्सच्याच आँरी मीन्येच्या पू-द्यू-सिएलबद्दल, एका सीटचं, एकामागे एक दोन पंखांचं, १९३३ चं. माणूस मनाचा मोठा होता, त्याचं म्हणणं ज्याला खोका ठोकता येते त्याला विमान बनवता येते, आणि लोकांनी खरंच शेकड्यानं बनवायला घेतलं, इंग्लंडमध्ये तर लाटच आली. मग माणसं मरायला लागली. नाक खाली गेलं की ठरावीक कोनापलीकडे ते वरच येईना, चालवणाऱ्यानं हातातली दांडी कितीही ओढली तरी, कारण पुढच्या आणि मागच्या पंखातून जाणारी हवा एकमेकींत गुंतून शेपटीकडचा पंख नाक आणखी दाबत होता. फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये मोठ्या बोगद्यात हवा सोडून चाचण्या झाल्या तेव्हा हे उघड झालं, आणि तोवर ती विमानं चांगल्या सुतारांनीच बनवलेली होती. त्यांचं सुतारकाम चुकलं नव्हतं. म्हणून कोणी म्हणते नं की भाऊ मी स्वतःच डिझाइन काढतो, त्याला मी हात जोडतो. बऱ्याच लोकांनी बनवून वर्षानुवर्षं उडवलेलं डिझाइन घ्या, आणि त्यातली एक बिजागरीही आपल्या अकलेनं बदलू नका. फोक्सप्लेनचे नकाशे घ्यायचं माझं सगळ्यात मोठं कारण हेच.

आता नागपुरात अडचण कुठं येते. लाकडात.

अशा विमानांसाठी सिटका स्प्रूस वापरतात, हलकं आणि वजनाच्या मानानं मजबूत, घनमीटरला साधारण ४३० किलो. आपल्याकडे लाकूड म्हटलं की सागवान, लकडगंजमध्ये कोणत्याही टालावर गेलं तरी पहिले सागवानच समोर काढतात, आणि खिडकी-दरवाज्याला त्याच्यासारखं दुसरं नाही, पण ते घनमीटरला साडेसहाशेच्या घरात जाते, म्हणजे दीडपट, वरून अंगात तेल असते म्हणून गोंद नीट धरत नाही. मी ज्या चाचांकडून वर्षानुवर्षं पॅटर्नसाठी लाकूड घेतो ते म्हणाले, "भाऊ, विमान लाकडाचं असते काय? आमाले तर कोणी सांगतलं नाही." मग मी त्यांना कागदावर दाखवलं की रेषा किती सरळ पाहिजे, पंधरा इंचात एक इंचापेक्षा जास्त तिरपी गेलेली चालत नाही, इंचात निदान सहा वलयं पाहिजेत, गाठ नको, आडवी बारीक सुरकुती तर अजिबात नको कारण ती म्हणजे झाड पडताना किंवा वाऱ्यात दबून आतून मोडलेलं लाकूड, रंग मारला की दिसत नाही आणि हवेत तिथूनच तुटते. चाचा त्या दिवशी दुकान पोरावर सोडून स्वतः माझ्यासोबत फळ्या उलट्यापालट्या करत बसले. बाहेरून आलेल्या फर नावाच्या लाकडाच्या ढिगातून एकेचाळीस फळ्या पाहिल्या, तीन निघाल्या.

रेषा वरून पाहून कळत नाही, हे लक्षात ठेवा. फळीच्या टोकाची पातळ ढलपी पटाशीनं फोडायची, लाकूड स्वतःच्या रेषेनं फाटते, आणि ती फाट किती तिरकी गेली ते मोजायचं. तीनपैकी एक फळी तिथं गेली. वरून सरळ सोट दिसत होती, फोडली तर दहा इंचात इंचभर सरकली.

मग ओल. ८ ते १२ टक्के पाहिजे. माझ्याकडे मीटर होतं, त्याच्यावर भरवसा नव्हता, म्हणून तुकडा कापून इतवारीच्या सराफा बाजारात ओळखीच्या दुकानात नेला आणि सोन्याच्या काट्यावर तोलला, २१.४ ग्रॅम. घरी ओव्हनमध्ये शंभरच्या थोडं वर ठेवून सुकवला, दर दोन तासांनी काट्यावर, वजन उतरणं थांबलं तेव्हा १९.५ भरला. म्हणजे ९.७ टक्के ओल, पास. सराफ मालक तिसऱ्या फेरीला स्वतःच विचारायला लागले, आज किती उतरलं म्हणून. हे एप्रिलचं. हीच फळी श्रावणात पंधराच्या आसपास गेली असती, म्हणून माझं लाकूड आता आतल्या खोलीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून आहे आणि घरातले त्याच्या कडेनं चालतात.

प्लायही असाच तपासा. शिक्का मरीनचा आहे म्हणून विश्वास ठेवू नका, तुकडा कापा, पातेल्यात उकळा, सुकवा, परत उकळा. शहरातल्या एका दुकानातून शिक्का असलेला प्लाय घेतला, दुसऱ्या उकळीला थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटले. दुकानदारानं परत घेतला नाही. दुसरीकडचा चार उकळ्यांनंतरही जसाच्या तसा होता, तो वापरला.

गोंदाचं सांगताना मला अजूनही मे महिना आठवते. फर्निचरचा पांढरा गम विमानाला चालत नाही, सतत ताण असला की तो हळूहळू सरकते आणि पाण्यानं ढिला पडते. रिसॉर्सिनॉल नावाचा पाण्याला न सुटणारा गोंद नाहीतर चांगलं स्ट्रक्चरल इपॉक्सी. रिसॉर्सिनॉलला सांधा एकदम घट्ट बसलेला आणि शिकंजा कचकचून आवळलेला लागते, इपॉक्सी थोडी फट भरून घेते, म्हणून मी इपॉक्सी घेतलं. दुपारी दोनला, शेडमध्ये ४४ डिग्री, डिस्पोजल ग्लासात दोन भाग मिसळले, ब्रश उचलेपर्यंत ग्लास हातात गरम व्हायला लागला, मिश्रण स्वतःच्याच उष्णतेनं पेटल्यासारखं घट्ट होत होतं, तरी घाईघाईनं तीन सॅम्पल चिकटवले. तीन दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला चिकटवले, थोडं थोडं मिसळून, पसरट थाळीत. आठवड्यानं सहाही व्हाइसमध्ये धरून हातोड्यानं तोडले. पहाटेचे तिन्ही लाकडात तुटले, गोंदाची रेषा अख्खी, दोन्ही बाजूंना लाकडाचे केस उपटून आलेले. दुपारचे दोन गोंदातच सुटले. सुटलेली बाजू काचेसारखी गुळगुळीत, चमकणारी, बोट फिरवलं की अंगावर काटा येते, कारण शिकंजा काढल्यावर बाहेरून ते सांधे एकदम पहाटेच्या सांध्यांसारखेच दिसत होते. मी स्वतः ओळखू शकलो नसतो. तेव्हापासून एप्रिल ते जून गोंदाचं काम फक्त पहाटे, आणि प्रत्येक वेळी त्याच मिश्रणातून एक सॅम्पल वेगळं चिकटवतो, त्याच्यावर तारीख लिहितो, आठवड्यानं तोडतो. सॅम्पल गोंदात सुटलं तर त्या दिवशीचा खरा तुकडाही फेकायचा, कितीही जीव तुटला तरी. इपॉक्सी उन्हानंही मऊ पडते, आपल्या उन्हात गडद रंगाच्या पत्र्यावर हात ठेवता येत नाही, म्हणून विमान पांढरंच रंगवायचं, लाल-काळ्याची हौस करायची नाही.

वजनाचा हिशोब कोणीही नकाशे घेण्याआधी करावा. उडताना जास्तीत जास्त ६५० पौंड, म्हणजे २९५ किलो. त्यातून विमानाचे २०० गेले, राहिले ९५. टाकीत ३० लिटर पेट्रोल, ते झालं साधारण बावीस किलो. राहिले ७३, आणि त्यात माणूस, बूट, हेल्मेट सगळं आलं. मी ६८ चा आहे, म्हणजे बसते, पण घरी बनवलेलं विमान नकाशातल्या वजनाला बहुतेक वेळा भरत नाही, जास्तच भरते, एक कोट रंग इकडे, एक जाड तुकडा तिकडे, आणि दहा किलो वाढले की माझं पेट्रोल अर्ध्यावर आलं. म्हणून प्रत्येक तुकडा तोलून मी वहीत लिहितो. सागवान लावलं असतं तर हा हिशोब तिथंच संपला असता.

उन्हाळ्याचं गणितही नागपूरकरानं स्वतः करावं. आपण समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर. या उंचीला पुस्तकी तापमान १३ डिग्री, आपले ४५, फरक ३२ डिग्रीचा, आणि दर डिग्रीला साधारण १२० फूट उंची वाढल्यासारखी धरतात, म्हणजे मे महिन्याच्या दुपारी सोनेगावच्या, म्हणजे नागपूर विमानतळाच्या, धावपट्टीवर उभ्या विमानाला वाटते की आपण पाच हजार फुटांच्या डोंगरावर उभे आहोत. हवा पातळ, चाळीस हॉर्सपॉवरमधून पाच-सहा तिथंच कमी, पंखालाही तेवढीच पातळ हवा, समोरचा फिरणारा प्रोपेलरही तेवढाच कमी ओढते, आणि इंजिन हवेनंच थंड होणारं. अशा लहान इंजिनाच्या विमानात त्या वेळी उडायचंच नाही, हिवाळ्याची सकाळ धरायची. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी तशा सकाळी भरपूर.

इंजिनाचं मी अजून काही केलेलं नाही. बीटल जगात दोन कोटींच्या वर बनली, मेक्सिकोत २००३ पर्यंत बनत होती, पण आपल्या रस्त्यांवर ती कधी ढिगानं नव्हती, त्यामुळे गॅरेजच्या मागे पडलेलं इंजिन शोधायचा अमेरिकन मार्ग इथं बंद, बाहेरूनच मागवावं लागेल. बोल्टचंही तसंच. नकाशात एएन नंबरचे, म्हणजे विमानासाठीच्या अमेरिकन मापाचे, बोल्ट आहेत, इंचातले, एएन-३ म्हणजे ३/१६ इंच, त्यांची ताकद ठरलेली असते, त्याच्या जागी बाजारातला पाच एमएमचा बोल्ट बसते म्हणून लावायचा नाही. हा नकाशाचा दोष नाही, पण बजेट करताना लाकडाइतकाच हा खर्च धरा.

परवानगीबद्दल स्पष्ट सांगतो. घरी बनवणं एक, उडवणं दुसरं. डीजीसीए म्हणजे सरकारच्या नागरी विमान महासंचालनालयाच्या नोंदणीशिवाय आणि परमिटशिवाय ते जमिनीवरून उचलायचं नाही, रिकाम्या शेतातही नाही, पाच फूटही नाही, आणि पायलटचं लायसन्सही पाहिजेच. कॅप्टन अमोल यादव यांचं उदाहरण समोर आहे, कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बनवलं, २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, नोंदणी २०१७ मध्ये मिळाली आणि उड्डाणाचं परमिट २०१९ मध्ये. ते स्वतः पायलट, तरी एवढी वर्षं लागली. त्यांच्या जिद्दीपुढे मी नतमस्तक आहे, पण पोरांनो, कागदाचं काम पहिल्या फळीसोबतच सुरू करा, शेवटी नाही, आणि प्रत्येक सांध्याचे फोटो, प्रत्येक सॅम्पल, प्रत्येक बिल जपून ठेवा.

मग घ्यावा का हा संच? लाकडावर प्रेम असेल, चार-पाच वर्षं पहाटे उठायची तयारी असेल, तर बेलाशक घ्या. लवकर उडायचं असेल तर घेऊ नका, फ्लाइंग क्लबात जाऊन ते पैसे तासांवर लावा. वेग पाहिजे असेल तरी घेऊ नका. आणि घेतला तर माझ्यासारखी रडरपासून सुरुवात करा, लहान आहे, बिघडलं तर चारशे-पाचशेचं लाकूड जाते, पंखापासून सुरुवात केली तर वर्ष जाईल.

माझे बाबा सोनेगावजवळ लहानाचे मोठे झाले. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानं सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास चारीकडून विमानं मध्यरात्री नागपुरात यायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेच्या आत परत निघायची. बाबा सांगायचे, अंगणात खाटेवर पडून ते आवाजावरून ओळखायचे कोणतं कुठून येऊन राहिलं. पुठ्ठ्याचं कॉकपिट झालं तेव्हा मी पहिले त्यांनाच बसवलं. गुडघा दुखते, तरी बसले. काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये दांडीसारखी धरली आणि बराच वेळ उतरले नाहीत. त्यांच्यामुळेच मला कळलं की आत शिरताना डावा पाय अडकते, मग मी कड दोन इंच मागे घ्यायचा विचार केला, नकाशा काढून पाहिला, आणि सोडून दिला, कारण त्या कडेतून बॉडीची ताकद जाते. पायरी लावीन, कड तशीच ठेवीन.

रडर झालंय. कापड अजून चढवलं नाही, डॅक्रॉन म्हणजे पॉलिएस्टरचं कापड, ते इस्त्रीनं ताणावं लागते आणि आता पावसाळा तोंडावर आला, ओलीत ते काम करायचं नाही. दसऱ्याले हत्यारांच्या पूजेत ते तसंच उघडं ठेवणार आहो, रंधा आणि पटाशीच्या बाजूला, आणि मग दुसऱ्या दिवशीपासून कापड.